सात नंबरच्या टॅबची तारीख

शाळेच्या ओट्यावर लागोपाठ तीन नारळ फुटले आणि बाया-बापड्यांनी हात जोडले. चिंचोळी एमआयडीसीला लागून असलेलं हे गाव एरवी पाळीच्या भोंग्यावर चालतं, पण त्या दिवशी कामावरच्या बायासुद्धा सुटी टाकून आल्या होत्या. चौथीच्या वर्गात टीव्हीखाली टेबल मांडलं होतं, त्यावर कोरं कापड, आणि कापडावर जेवणाच्या डब्याएवढी तांबूस रंगाची एक पेटी. तिला हार घातला होता, हळदीकुंकू वाहिलं होतं. म्हाताऱ्या गोजाबाईनं तर चपला काढून लांबूनच नमस्कार केला.

पेटीशेजारी उदयसिंह सर उभे होते. अंगात भगवं जाकीट, गळ्यात माइक, कपाळावर ठसठशीत टिळा. ते कुठल्या शाळेवर सर होते, हे कुणी विचारलं नव्हतं.

"बंधू-भगिनींनो, ही पेटी नव्हे! ही ज्ञानतरंग!" सरांनी आवाज चढवला. "आपले ऋषी शंभर कोसांवरचं ऐकायचे. कशानं? मोबाइलनं? न्हाई! तरंगांनी! तेच तरंग हितं सेकंदाला चारशे बत्तीस वेळा उठतात. अमेरिकेतला एक शास्त्रज्ञ मला फोनवर म्हणाला, सर, सूत्र सांगा. मी म्हटलं, आधी सोलापूरला ये, शेंगाचटणी-भाकरी खा, मग बघू!"

लोक हसले, टाळ्या पडल्या.

"रोज अकरा मिनिटं, एकवीस दिवस. ढातलं ढ पोरगं घडाघडा वाचंल. अट एकच. मनात शंका नको. घरात कुणाच्या मनात शंका आली, की पेटी थंड पडती."

यंत्र मोठं सोयीचं होतं. गुण आला तर पेटीचा, नाही आला तर तुमच्या घराचा. सरांनी बटण दाबलं आणि जुन्या फ्रिजसारखी घरघर सुरू झाली. पहिल्या रांगेत बसलेल्या मुक्ताबाईनं डोळे मिटले. मसाल्याच्या कारखान्यात ती पाकिटं भरायची. तिची सृष्टी चौथीत होती आणि अजून जोडाक्षर आलं की गप्प व्हायची.

भिंतीला टेकून चौथीच्या मॅडम उभ्या होत्या, फिरदोस. पेटीवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. तरीही पेटी वर्गात आली होती ती तिच्याच सहीनं.

त्याचं कारण तिच्या पर्समध्ये होतं: विद्यापीठाचं पत्र. फिरदोस सहा वर्षं पीएचडी करत होती. सकाळी सोलापुरातून स्कूटीवर शाळा, दिवसभर वर्ग, मधल्या सुट्टीत 'आजच्या आज ऑनलाइन माहिती भरा' म्हणून येणारे निरोप, आणि संध्याकाळी प्रबंध. विषय होता टॅबमुळे मुलांचं वाचन सुधारतं का. प्रबंध लिहून झाला होता. तो द्यायच्या आधी दोन शोधनिबंध छापून यायला हवे होते, त्यातला एक आला होता. पत्रात लिहिलं होतं की पुढच्या महिनाअखेरीनंतर मुदतवाढ मिळणार नाही.

उदयसिंह सरांकडे याचाही इलाज होता. पेटी घ्या, त्यांचंच चाचणीचं अॅप टॅबवर टाका, एकवीस दिवसांचे आकडे पाठवा, निबंध त्यांच्या 'आंतरराष्ट्रीय' शोधपत्रिकेत छापून येणार. वर सोलापुरात मोठा मेळावा, व्यासपीठावर वाचन, प्रमाणपत्र. फिरदोसचे मार्गदर्शक डॉ. बिराजदार म्हणाले होते, "घ्या हो मॅडम. आधी पदवी पदरात पाडा, मग करा सत्याचा शोध."

फिरदोसनं स्वतःची समजूत घातली होती की आपण काही पूजा करत नाही, आपण मोजणार आहोत. पेटी खोटी असली तर आकडेच सांगतील.

आकड्यांनी भलतंच सांगितलं. वर्गात नऊ मुलं होती आणि एका कंपनीनं दिलेले नऊ टॅब, प्रत्येकावर नंबर. अॅपवर वीस वाक्यं यायची. वाक्य वाचायचं आणि चारांपैकी योग्य चित्रावर बोट ठेवायचं; वेळेचाही हिशेब धरून शंभरपैकी गुण पडायचे. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं तिशी-चाळिशीत होती. बाविसाव्या दिवशी आठ मुलं नव्वदीच्या पुढे गेली. फिरदोसनं तीनदा यादी पाहिली. सहा वर्षांत तिला जे जमलं नव्हतं ते एका घरघरीनं केलं होतं? तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

फक्त सात नंबरचा टॅब, सृष्टीचा, छत्तीसवरच अडला होता.

तिनं उदयसिंह सरांना फोन लावला. ते खळखळून हसले. "मॅडम, आईला बघा. आईच्या मनात शंका असणार. पोरीजवळ बसली की तरंग तुटतात."

आणि फिरदोसनं ते मुक्ताबाईला सांगितलं. थोडं सौम्य करून, 'सर असं म्हणतात' असं पुढे जोडून, पण सांगितलं. त्या एका वाक्याबद्दल तिनं स्वतःला नंतर कधी माफ केलं नाही.

आठवड्याभरानं मुक्ताबाई शाळेच्या फाटकाशी दिसली. चेहरा ओढलेला.

"मॅडम, आता तरी पडतील का ओ मार्क? मी उपास धरलाय. आन् तिच्याजवळ बसायचं बी सोडलंय."

"बसायचं म्हणजे?"

"रोज कामावरनं आलं की पाकिटावरचं वाचून घ्यायची की मी तिच्याकडनं. मी बी चौथी शिकलीया. आता नगं म्हनलं. माझी सावली नगं तिच्या पुस्तकावर. ती चुलीपाशी वाचती, मी भाईर बसती."

"उपास सोडा," एवढंच फिरदोस म्हणाली.

त्याच दिवशी सात नंबरचा टॅब पुन्हा बंद पडला. तो जुनाच होता. रात्री बॅटरी पार उतरायची आणि सकाळी चार्जिंगला लावला तरच जागा व्हायचा. संध्याकाळी ती तो घेऊन अब्बांच्या दुकानात गेली. इलाहीबक्ष चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. हल्ली घड्याळं कमी आणि मोबाइल जास्त येत, पण डोळ्याचं भिंग तेच होतं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, बॅटरी बदलली, टॅब चालू केला आणि जिभेनं 'च्च' केलं.

"इसकू तारीख क्या दिखती देख. सात साल पुरानी, एक जानेवारी. बॅटरी मरी की बेचारा हर रोज एक जानेवारी कू उठता." मग त्यांनी आजची तारीख, आजची वेळ लावली. त्यांच्या दुकानातून कुठलीही वस्तू चुकीची वेळ घेऊन बाहेर पडत नसे. पट्टा बदलायला आलेल्या घड्याळाची वेळसुद्धा ते आधी मिळवून देत.

दुसऱ्या दिवशी सृष्टीनं चाचणी दिली. त्र्याण्णव.

फिरदोसनं तिला जवळ ओढलं. मुक्ताबाईला सांगायला ती उठलीच होती, पण आधी तिनं सहज मराठीचं पुस्तक पुढे केलं. "हे वाच गं जरा."

सृष्टीनं पहिले दोन शब्द वाचले. तिसऱ्या शब्दात जोडाक्षर होतं. ती थांबली, पुस्तकावरचं बोट तसंच राहिलं, आणि तिनं मॅडमकडे बघून मान खाली घातली.

"मग चाचणीत कसं वाचलंस?"

"न्हाई वाचलं, मॅडम. चित्र चांगलं दिसलं तितं बोट लावलं."

फिरदोसनं टॅब हातात घेतला. चाचणी उघडली आणि डोळे मिटून वीस वेळा बोट टेकवलं. एक्क्याण्णव. तिनं पुन्हा केलं. चौऱ्याण्णव. मग तारीख मागे नेली, एक जानेवारी, आणि पुन्हा डोळे मिटून बोटं टेकवली. पंचवीस.

अॅप मुलांची उत्तरं बघतच नव्हतं, ते फक्त तारीख बघत होतं. पहिल्या चाचणीपासून एकवीस दिवस उलटले की काहीही करा, नव्वद ओलांडायचे. सृष्टीच्या टॅबवर एकवीस दिवस कधी उलटलेच नव्हते. एकटा तो मोडका टॅब खरं बोलत होता, आणि त्या खरेपणाची शिक्षा मुक्ताबाईनं उपाशीपोटी भोगली होती.

त्या दुपारी फिरदोसनं नऊही मुलांना एकेक करून जवळ बसवलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. तिघं वाचत होती. ती आधीही वाचत होती. बाकीची सहा जिथं होती तिथंच होती. पुस्तक हातात देऊन ऐकायला मुलामागे चार मिनिटं लागली. महिनाभरात ती चार मिनिटं तिनं एकदाही दिली नव्हती, कारण आकडे येत होते आणि ते भरायचे होते.

रविवारी सोलापुरात मेळावा भरला. अक्कलकोटपासून माळशिरसपर्यंतचे शिक्षक आले होते, बहुतेकांच्या पिशवीत टॅब आणि निबंध. कार्यक्रमपत्रिकेत चाळीस निबंध होते, सगळे यशस्वी. व्यासपीठावर पेटी, समई, उदयसिंह सर आणि अध्यक्ष म्हणून डॉ. बिराजदार. पहिल्या दोन शिक्षकांनी निबंध वाचले. दोघांचीही मुलं नव्वदीत. टाळ्या झाल्या. मग फिरदोसचं नाव पुकारलं. छापील निबंध तिच्या हातात होता. तो वाचून खाली उतरली असती तर तीन महिन्यांत ती डॉक्टर फिरदोस झाली असती.

तिनं निबंध टेबलावर पालथा ठेवला आणि पडद्याला जोडलेला सात नंबरचा टॅब अध्यक्षांपुढे धरला.

"सर, डोळे मिटा आणि कुठंही वीस वेळा बोट लावा."

"हे काय, मॅडम?"

"माझं सादरीकरण आहे, सर."

सभागृहात हसू पिकलं. डॉ. बिराजदारांनी खेळ समजून डोळे मिटले, बोटं टेकवली. मागच्या पडद्यावर आकडा उमटला: ब्याण्णव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिरदोसनं सगळ्यांसमोर टॅबची तारीख सात वर्षं मागे, एक जानेवारीवर नेली. "पुन्हा, सर." या वेळी तीस आले. टाळ्या वाजल्या नाहीत.

"पेटीचं बटण आज कुणी दाबलेलं नाही," ती म्हणाली. "अध्यक्षांनी एक अक्षर वाचलेलं नाही. बदलली ती तारीख."

उदयसिंह सर उठले. "मॅडमच्या मनात शंका हाय! शंकेनं यंत्र बिघडतं!"

"शंका तर आधीपासून होती. मग आजच्या तारखेला ब्याण्णव कसे पडले, सर?"

मागच्या रांगेत एक दांडगे गृहस्थ उभे राहिले. माळशिरसकडचे जोतीराम गुरुजी. कान लाल झाले होते. "मी बी एक सांगतो. माझ्या वर्गात चार पोरं गैरहजर व्हती. माहिती तर त्याच दिवशी भरायची. म्हनून त्यांच्या नावानं मीच बोटं लावली. त्यांनाबी त्र्याण्णव पडले. मला वाटलं, तरंग माझ्याबी डोक्यात गेले!"

आता हसू आलं ते वेगळं होतं. जागोजाग टॅब निघाले, तारखा मागेपुढे होऊ लागल्या. उदयसिंह सर फोन कानाला लावून विंगेत गेले ते परतले नाहीत. पेटी तिथंच राहिली. जोतीराम गुरुजींनी स्क्रू काढले तेव्हा आत निघाला एक छोटा पंखा आणि पत्र्याला लागणारी प्लास्टिकची पट्टी. घरघर तिचीच होती.

फिरदोस पुन्हा माइकपाशी आली. "फसवलं त्यांनी, पण दार आपण उघडलं. माल ज्याचा, मोजायचं मापही त्याचंच, असं आपण भाजीवाल्याकडेही चालवून घेत नाही. वर्गात चालवून घेतलं. चाळीस निबंध आणि चाळीसही यशस्वी, हे पाहून आपल्यातल्या एकालाही शंका आली नाही. आपण शिक्षक आहोत. शंका घेणं हे पाप नाही, ते आपलं काम आहे. टॅब वापरा, जरूर वापरा. पण मूल वाचतंय का हे कळायला त्याच्याजवळ बसून ऐका. आणि जे जमलं नाही तेही लिहा, एकमेकांना सांगा. माझा निबंध मी मागे घेते आहे."

टाळ्या थोड्याच वाजल्या. बाहेर जाताना तिनं पाहिलं, तर प्रमाणपत्राच्या टेबलापाशी अजून रांग होती. डॉ. बिराजदार तिच्याजवळ थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "खरं बोललात. पण मुदत गेली, मॅडम." तिला माहीत होतं. जिन्यावर एका खांबाआड उभी राहून ती रडली.

सोमवारी पाळी सुटल्यावर ती मुक्ताबाईच्या घरी गेली. मुक्ताबाई बाहेरच्या दगडावर बसली होती. आत सृष्टी एकटी.

"मुक्ताबाई, पेटी खोटी होती. तुमच्यात काही दोष नव्हता. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मला माफ करा."

मुक्ताबाईनं आत बसलेल्या लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी मी इतके दिस उगंच भाईर बसली व्हय?"

फिरदोसनं मान हलवली.

मुक्ताबाई उठली. हात धुतले, कोनाड्यातलं मसाल्याचं रिकामं पाकीट घेतलं आणि आत जाऊन लेकीला खेटून बसली. एका जोडाक्षराच्या शब्दाखाली बोट ठेवलं. "हं, वाच."

"मि... मिर..." सृष्टी अडली. तिनं आईकडे पाहिलं, आई तिथंच होती. "मिर्... ची. मिर्ची."

"म्होरं."

दारात उभ्या फिरदोसनं पर्समधून वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं: सृष्टी, एक शब्द, दोनदा अडली, स्वतः वाचला.