मगरीच्या पोटातली घंटा

"कोणाक खरा वाटाचा नाय," पोत्याची गाठ सोडता सोडता लवू घाडीने जाहीर करून टाकलं, "म्हणून आधीच सांगतंय. पवईच्या तळ्यात एक म्हातारी मगर आसा. पहाटेची काठावर येता आणि ढेकर देता. आणि ढेकर दिल्यान की, घण्ण! देवळात वाजावी तशी घंटा!"

"मग आरती पण म्हणत असेल," लेथवरचा भीमराज मान वर न करता म्हणाला.

"आरती नाय म्हणत. पण गुरवार धरता. त्या दिवशी माशाक तोंड लावत नाय."

जया खुदकन हसली. तिच्या हातातली कानस क्षणभर थांबली आणि पुन्हा बर्नरच्या कडेवर चालू लागली. साकीनाक्याच्या त्या गाळ्यात शेगडीचे पितळी बर्नर ओतले जात. लवूने ओतायचे, भीमराजने लेथवर धरायचे, जयाने कडा घासायच्या. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. पण ह्या शनिवारी लेथही जपून चालल्यासारखा वाटत होता, कारण त्याच्यापुढचा ढीग संपत आला होता.

पितळ मिळेनासं झालं होतं. परदेशातलं भंगार येत नव्हतं, आणि जे थोडं येई ते मोठे कारखाने वरच्यावर उचलून नेत. वडिलांच्या मागे गाळा चालवणाऱ्या देवव्रतने हातपाय कमी मारले नव्हते. बर्नरची जाडी कमी करून पाहिली, तर पहिल्याच खेपेत निम्म्यांना चिरा गेल्या. ॲल्युमिनियमचे ओतून पाहिले, ते गिऱ्हाइकाने तोंड वाकडं करून परत पाठवले. त्याआधी शेगडीवर बर्नरच वाकडे झाले होते. मग जमिनीवरचा कीस गोळा केला, चुंबक फिरवून त्यातलं लोखंड काढलं आणि उरलेलं वितळवलं. साच्यांची वाळू चाळून तिच्यातले पितळेचे थेंब वेचले. दुकानादुकानांतून मोडके बर्नर मागून आणले. जयाने काढलेला केर आता कचऱ्याच्या डब्यात जात नव्हता, मुशीत जात होता.

ह्याच आठवड्यात सोमवारी देवव्रतने तिघांना समोर बसवलं होतं. "लवूकाका, स्पष्टच सांगतो. शनिवारी चारशे बर्नर टेम्पोत चढले तर भट्टी राहील. नाही चढले तर मी काय करू, तुम्हीच सांगा. बाहेरून तयार माल आणायचा आणि इथे नुसता जोडायचा. जोडायला एक माणूस पुरतो."

एक माणूस कोण, हे त्याने सांगितलं नाही. तिघांनी एकमेकांकडे बघायचंही टाळलं. लवू अडुसष्ट वर्षांचा. मूस धरायचा चिमटा सोडला तर त्याच्या हाताला कशाचीच सवय नव्हती. लवूच्याच चाळीत राहणाऱ्या जयाच्या कानशीवर तर अख्खं घर उभं होतं.

मंगळवारी लवू पहिलं पोतं घेऊन आला. आत ठोकून चपटं केलेलं पितळ. "देवनारच्या एका बोकडान समई गिळली होती," तो म्हणाला. "कापूचो होतो, पण सुरी लागली की ठिणग्या! शेवटी खाटीकच पाया पडलो त्याच्या."

बुधवारी त्याने गोरेगावच्या स्टुडिओतून एका राजाचं सिंहासन आणलं. खोट्या खुर्चीवर बसणार नाही म्हणून राजाने हट्ट धरला होता म्हणे, आणि खऱ्या पितळेवर बसल्यावर त्याला मूळव्याध झाली.

"काका, तुम्ही म्हणजे ना!" जया डोळे पुसत म्हणाली होती. डोळ्यांत पाणी भट्टीच्या धुराचं होतं की हसण्याचं, तिलाच ठाऊक.

बोकड नव्हता आणि राजाही नव्हता. असल्फ्याच्या खोलीत लवूच्या बायकोची, प्रेमाची, भांडी होती. परात, घंगाळ, हंडा, पाण्याचं पिंप. लग्नात मामाने आणि मावश्यांनी कणकवलीहून पाठवलेली, प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं. चाळीत सत्यनारायण असो की बारसं, भांडी प्रेमाकडूनच जायची, आणि नाव असल्यामुळे फिरून तिच्याकडेच यायची. प्रेमाला जाऊन तीन वर्षं झाली. भांडी फळीवर तशीच होती.

रोज सकाळी लवू त्यातलं एकेक उतरवायचा. आधी कानशीने नाव घासून काढायचा. नावासकट मुशीत घालायला त्याचा हात होत नव्हता. मग हातोडा. शुक्रवारपर्यंत फळीवर बुडांचे गोल डाग तेवढे उरले आणि कोपऱ्यात एक कळशी. तिच्यातलंच पाणी तो पीत असे.

शुक्रवारी संध्याकाळी देवव्रतने खोक्यांतले आणि लेथवर राहिलेले बर्नर मिळून मोजले. तीनशे अठ्ठ्याऐंशी. गाळ्यात चिमूटभर कीससुद्धा उरला नव्हता.

आज सकाळी लवूने कळशीतलं पाणी प्लास्टिकच्या बादलीत ओतलं. गळ्यावरचं नाव घासलं. हातोड्याच्या पहिल्या घावाला कळशी घंटेसारखी वाजली. मगर त्याला तिथेच सुचली. तिसऱ्या-चौथ्या घावानंतर तिचा आवाज बसला.

"मग काय," तो आता सांगत होता, "मिया मगरीच्या पोटाक गुदगुल्या केलंय. ओकली घंटा! हीच ती."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. देवव्रत खोक्यांपाशी उभा होता, घड्याळ बघत. मुशीत सकाळी लेथखाली पडलेल्या किसाचं थोडंसं पितळ लाल होऊन थरथरत होतं आणि वर जस्ताचा पांढरा धूर.

"आण गो जया. बारा तर हवेत. आत्ता होतीत."

मुशीत जायच्या आधी प्रत्येक तुकडा जयाने फडक्याने पुसायचा, ही रीत होती. माती राहिली तर बर्नरला भोकं पडतात. तिने तो चपटा तुकडा घेतला, एक बाजू पुसली, उलटा केला. बुडाला चुलीची जुनी काजळी होती. ती पुसता पुसता तिचं फडकं थांबलं.

बुडालाही नाव होतं. सगळीकडे फिरणारी कळशी म्हणून प्रेमाने ते दोनदा घालून घेतलं होतं. लवूला ते ठाऊकच नव्हतं. अडतीस वर्षांच्या संसारात त्याने ती कळशी कधी पालथी घालून घासली नव्हती.

"टाक गो," लवू म्हणाला. "बघतंस काय?"

जयाने बोट ठिपक्यांवरून फिरवलं, डावीकडून उजवीकडे. भीमराजने लेथ बंद केला. हॉर्न पुन्हा वाजला.

"मगरीची घंटा ती," लवू म्हणाला. ह्या वेळी त्याचा आवाज गोष्टीचा नव्हता. "टाक."

"खोटं, लवूकाका," जया म्हणाली. तुकडा तिने छातीशी धरला होता. "ही घंटा माझ्या पोरीच्या बारशाला आमच्याकडे आली होती."