दाण्यावरचा लेप

"डोळे उघडून बघा!" ग्लेब अर्काद्येविच साहेबांनी रॉकेटच्या इंधनाचा कापलेला तुकडा सगळ्यांसमोर धरला. चाचणीची नळी चौथ्या सेकंदाला फुटली होती आणि तुकड्यात बुडबुडेच बुडबुडे होते. "लेपात ओल राहिली. दाण्यांच्या डब्याला शेवटचा हात कोणाचा?"

"माझा," मदतनीस नेल्या म्हणाली. "चाळून डबा मीच बंद केला. झाकण नीट बसलं नसेल माझ्याकडून, साहेब."

अन्फिसा तिच्या शेजारीच बसली होती. तिने समोरची कामाची वही हळूच मिटली.

रॉकेटच्या घन इंधनात आग पेटती ठेवणारं एक पांढरं मीठ असतं. ते ओल चटकन पितं, म्हणून दाण्यादाण्यावर पातळ लेप चढवायचा. रशियातल्या बीस्कच्या त्या प्रयोगशाळेत अन्फिसा सव्वीस वर्षं हेच करत होती, आणि असा हात दुसऱ्या कोणाचा नाही, असं सगळे म्हणत. लेप चढला की दाणे सहा तास गरम कपाटात सुकवायचे. या खेपेच्या दिवशी मात्र दुकानात एरवी न मिळणारे चेकोस्लोवाकियाचे बूट आल्याची कुजबुज झाली. रांगेत नंबर लागावा म्हणून अन्फिसाबाईंनी चार तासांतच कपाट बंद केलं नि वहीत सहा लिहिले. बूट मापाचे नव्हतेच, तरी घेतले!

नेल्याची रवानगी बाटल्या धुण्यावर झाली. तीन आठवड्यांनी जेवताना ती म्हणाली, "फिसामावशी, मला माझाच भरवसा वाटत नाही गं हल्ली. इस्त्री बंद केली का, दार लावलं का, चारचारदा बघते. नवरा हसतो मला."

स्वतःची इतकी लाज अन्फिसाला आजवर कधी वाटली नव्हती. ताट तसंच ठेवून ती उठली, आणि नेल्या कामावर परतल्यावर तिच्यामागे धुण्याच्या खोलीत गेली.

"नेल्या, झाकण नीटच होतं. मी कपाट लवकर बंद केलं. बुटांच्या रांगेसाठी."

नेल्याचे हात पाण्यातच थांबले. "म्हणजे मी लावलं होतं झाकण?"

"लावलं होतंस."

"आणि तीन आठवडे तू माझ्यासमोर बसून जेवलीस?"

अन्फिसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेबांना सांगते सगळं," ती पुटपुटली, आणि काहीतरी करायला हवं म्हणून बाह्या सरसावून तिने एक बाटली उचलली.

नेल्याने ती तिच्या हातातून काढून घेतली. "राहू दे, मावशी. तू जा साहेबांकडे," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बाटली धुऊ लागली.