न बदललेली गोष्ट

स्टेनवरचा स्वतःच्या बोटांवर फार विश्वास होता. शाळेत जीवशास्त्र शिकवणं सोडून ती घोड्यांचे आखडलेले स्नायू मोकळे करायला लागली, तेव्हापासून खोऱ्यातला कुठलाही घोडा अडला की लोक तिलाच बोलवत. ती डोळे मिटून त्याच्या पाठीवरून हात फिरवी. डोळे मिटायची खरं तर गरज नसे, पण बघणाऱ्यांना ते आवडे. तिलाही.

फक्त तिची स्वतःची घोडी, ग्लोआ, काही केल्या बरी होत नव्हती. खोगिराच्या मागे, डाव्या बाजूला, स्नायूत एक गाठ होती. स्टेनवर ती सोडवी आणि चार दिवसांत गाठ परत हजर. खोगीरच वाकडं आहे, असा निष्कर्ष तिने काढला आणि ते शिवणाऱ्या ओर्मुरला त्याच्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ऐकवला.

"माझं खोगीर वाकडं?" ओर्मुर म्हणाला. "अगं, त्यावर एकदा सरळ बसून तरी बघ!"

हे तिला असंस्कृत वाटलं. तिने दुसरं खोगीर आणलं. गाठ तिथेच. मग दोष घोडीच्या पाठीतच असणार. जर्मनीतली एक बाई ग्लोआला पैदाशीसाठी न्यायला तयार होती. सोमवारी तिला होकार कळवायचा होता. आइसलँडबाहेर गेलेला घोडा परत आणायला कायदाच परवानगी देत नाही. त्यामुळे स्टेनवरची झोप उडाली होती.

शनिवारी डोंगरावरून मेंढ्या खाली आणायच्या होत्या. त्या कामात दिवसभर एक घोडा टिकत नाही, दोन-तीन आलटूनपालटून वापरावे लागतात. ग्लोआच्या जोडीला शेजाऱ्याने त्याचे दोन घोडे दिले, एक काळा आणि एक तांबडा, खोगिरांसकट. सकाळी तिने त्या दोघांच्या पाठी तपासल्या, अगदी लोण्यासारख्या मऊ. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून डोळे उघडेच ठेवले.

संध्याकाळी मेंढ्या कोंडवाड्यात गेल्यावर तिने काळ्याच्या पाठीवर हात ठेवला. खोगिराच्या मागे, डावीकडे, गाठ. तांबड्यालाही तिथेच.

वर्गात ती मुलांना शिकवायची, सगळं बदलूनही उत्तर तेच आलं, तर न बदललेली गोष्ट शोधा. तिने आजूबाजूला पाहिलं, मग खाली. न बदललेली गोष्ट चिखलाने माखलेले बूट घालून तिथेच उभी होती.

ओर्मुर मटणाच्या सुपाचा वाडगा घेऊन कुंपणाला टेकला होता. ती त्याच्याकडे गेली.

"तुझं खोगीर सरळ आहे."

"बरं. मग वाकडं काय आहे?"

"मी."

तो सूप प्यायचा थांबला. "हिवाळ्यात बर्फावर आपटलीस, तेव्हा कंबर दाखवलीस कुणाला?"

"मी कुणाला दाखवणार? मीच तर त्यातली जाणकार."

"हो ना! मग आता घोडीऐवजी तुलाच पाठवायचं का जर्मनीला?"

तिने तिथूनच फोन लावला. घोडी विकायची नाही, असं सांगितलं. पलीकडून बाईने विचारलं, पाठीचं दुखणं बरं झालं का?

"घोडीला दुखणं नव्हतंच," स्टेनवर म्हणाली. "तपासणारीला होतं."

घरी जाताना ग्लोआवर बसायचा तिला धीर होईना. लगाम धरून ती पायीच निघाली. दर पावलाला कंबरेत कळ येत होती. इतके दिवस त्याबद्दल ती बुटांना नावं ठेवत आली होती.