बाळ आधी कुणाच्या हातात

माझी विहीण, म्हणजे सुनेची आई, निवृत्त शिक्षिका. अख्खं घर तिला मास्तरीणबाई म्हणतं. तिला जगातलं सगळं माझ्याआधी कळतं. सुनेला सातवा महिना लागला तेव्हा तिनंच फोनवर लसींचं नवं वेळापत्रक वाचून दाखवलं. म्हणे यादी आता नुसती पोरांची राहिली नाही, मोठ्यांचीही नावं त्यात आलीत. बाळाला हाताळणाऱ्यांनी डांग्या खोकल्याची लस घ्यायची, तीही बाळ हातात घेण्याच्या निदान चौदा दिवस आधी.

"विहीणबाई, तुम्हीही घेऊन टाका हं," ती म्हणाली.

त्या "हं"नं माझं डोकंच फिरलं. शिवणाचं दुकान सांभाळून दोन मुलं वाढवलीत मी, आणि ही मला शिकवणार! सुनेचंही तेच. आईनं सांगितलं की ब्रह्मवाक्य, मी सांगितलं की कटकट. जळफळाट झाला माझा, लपवू कशाला?

सून दर आठवड्याला विचारायची, "अहो आई, घेतलीत का लस?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, "घेतली की, कधीच!" दवाखाना माझ्या दुकानासमोरच आहे. नुसता रस्ता ओलांडायचा होता. पण ओलांडला असता तर मास्तरीणबाई जिंकली असती.

नातू तीन आठवडे आधीच आला. मुलाचा फोन आला तशी मी हातातलं शिवण टाकून निघाले, पण सुनेच्या माहेरगावी पोचायला रात्र गेली. प्रसूतिगृहाच्या खोलीत शिरते तर मास्तरीणबाई आधीच हजर. पाळण्याला खुर्ची लावून, हात मांडीवर ठेवून बसलेली. माझ्या पोटात दुखायला लागलं. कालपासून दहादा तरी घेतलं असेल हिनं बाळाला.

"अहो आई, या," सून म्हणाली. "तुम्हीच पहिल्या. माझ्या आईला मध्ये ताप आला, म्हणून तिची लस लांबली. चौदा दिवस परवा भरतील. कालपासून नुसती बघत बसलीय."

"घ्या ना," मास्तरीणबाई म्हणाली. "कसा लागतो हाताला, ते मला सांगा तरी."

सुनेनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ उचललं. त्यानं एवढीशी जांभई दिली. दोन-अडीच महिने मला हेच हवं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. मी हात पुढे केले. मग मागे घेतले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले.

"मी नाही घेतली लस," मी म्हणाले. "खोटं बोलले."

सुनेनं बाळाला परत पाळण्यात ठेवलं. मास्तरीणबाईनं आपली खुर्ची जरा सरकवली आणि शेजारचं स्टूल माझ्याकडे ओढलं. दोघी बघत बसलो.

तिचे दोनच दिवस उरले होते. माझे चौदा अजून सुरूही झाले नव्हते. मला तेव्हाही तिचा हेवा वाटला. मी उठले आणि नर्सला विचारायला गेले, लस इथे आत्ता मिळते का म्हणून.