वरच्या फाटकापलीकडची गुरं

पहिल्या हिमवादळानंतर खालच्या कुरणातली गुरं घराकडे आणली तेव्हा ओरेस्टने घोड्यावर बसूनच ती मोजली. मग त्याची बहीण दारिया हिने मोजली. दोघांचाही आकडा एकच आला. चौदा गाई नव्हत्या, आणि त्यांची वासरंही नव्हती.

"वरच्या खोलगट कुरणात राहिली असतील," दारिया म्हणाली. "तिथलं गवत त्यांना सोडवत नाही."

"वर आता गवत आहे कुठं? बर्फ आहे बर्फ."

कॅनडातल्या अल्बर्टाच्या त्या डोंगरावर उन्हाळाभर दोनच घरांची गुरं चरायची, ओरेस्टची आणि शेजारच्या टोर्लीफ नीगार्डची. टोर्लीफ त्यांच्या बापाचा दोस्त. बाप गेल्यावर दर रविवारी त्यांच्याकडे कॉफीला येऊन बसणारा, ओरेस्टच्या घोड्यांना नावं ठेवणारा माणूस. बर्फ पडायच्या आत सगळी गुरं खाली उतरवायची असा रिवाज होता. त्या वर्षी वादळानेच घाई केली.

दोघं भावंडं वर गेली. बर्फ घोड्यांच्या छातीला लागत होता. वरच्या कुरणाचं फाटक बंद होतं, कडी नीट लावलेली. आत ना माग, ना शेण, ना मेलेलं जनावर. आतल्या तळ्यावर पांढरी चादर पसरली होती. ओरेस्टने हाका मारमारून घसा बसवून घेतला. उत्तर कुठून येणार?

परतताना ती टोर्लीफच्या दारात थांबली. तो कोठारात खोगिराला तेल चोळत होता.

"टोर्लीफ, आमच्या गाई कुठं दिसल्या का तुला?" ओरेस्टने विचारलं. तो लहानपणापासूनच त्याला अरेतुरे करायचा.

"नाही रे. माझी तर वादळाआधीच उतरली होती. त्या दिवशी मी घराबाहेर पायसुद्धा टाकला नाही."

हे बोलताना त्याने मान वर केली नाही.

घरी येऊन बिटाचं सूप वाढताना दारिया म्हणाली, "वादळाच्या सकाळी त्याचा ट्रक वर जाताना मी पाहिला होता. मागं घोडे न्यायची गाडी जोडलेली होती."

ओरेस्टचा चमचा हातातच राहिला. "नक्की?"

"त्याचा एक दिवा फुटलेला आहे. दुसऱ्या कोणाचा ट्रक तसा नाही."

त्या दिवसापासून संशय घरात तिसऱ्या माणसासारखा राहायला आला. टोर्लीफने काहीही केलं तरी त्याला दुसरा अर्थ निघू लागला. त्याने नोव्हेंबरात काही गुरं विकली, तीही जवळच्या बाजारात नाही, पार दुसऱ्या प्रांतात, सास्काचेवानात नेऊन. का? रविवारी कॉफीला यायचं बंद केलं. का? टपाल घ्यायला ओरेस्ट आणि तो एकाच वेळी पोचले, तर ट्रकमधून न उतरताच टोर्लीफ मागे वळला. त्याचा कुत्रा पूर्वी ओरेस्टला पाहून शेपूट हलवायचा, आता भुंकतो असं ओरेस्टला वाटू लागलं. दारियाने त्याला समजावलं, "अरे, कुत्रा सगळ्यांवरच भुंकतो." पण दुसऱ्या दिवशी तीच खिडकीशी उभी राहून टोर्लीफच्या धुराड्यातून धूर कधी निघतो ते बघत होती.

थंडी वाढली. दूध काढून आणेपर्यंत त्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा, पापण्या चिकटायच्या. ओरेस्ट वैरण टाकून झाली की दुर्बीण घेऊन टोर्लीफच्या कुंपणाकडेने ट्रक हळूहळू चालवायचा. थंडीत गुरांच्या अंगावर केस इतके वाढतात की मांडीवर दिलेला मालकाच्या खुणेचा डाग मुळीच दिसत नाही. नुसत्या डोळ्यांनी सगळ्या तांबड्या गाई सारख्याच.

एक मात्र त्याला सारखी वाटली नाही.

"कपाळावर पांढरा ठिपका, मागचा डावा पाय ओढत चालते," तो धापा टाकत सांगत आला. "कालिना आहे ती! मी तिला जन्मताना हातात धरलंय. मला ओळखू येणार नाही?"

"पांढऱ्या ठिपक्याच्या गाई काय कमी आहेत?"

"लंगडणाऱ्या किती आहेत? सांग ना, किती आहेत?"

ओरेस्टने तक्रार केली आणि डाग तपासणारा सरकारी माणूस आला. फर्गस त्याचं नाव, शांत आणि सर्दी झालेला. टोर्लीफने काही न विचारता ती गाय आडोशात आणून लाकडी खोड्यात उभी केली. ओरेस्ट आणि दारिया कुंपणाबाहेर थांबली. फर्गसने केस कापायचं मशीन चालू केलं. तांबड्या केसांचे पुंजके बर्फावर पडले. खालून कातडी दिसली, तिच्यावरचा जुना डाग दिसला. फर्गसने त्यावरून अंगठा फिरवला.

"नीगार्डचाच आहे," तो म्हणाला आणि शिंकला.

ओरेस्टने कुंपणावरून वाकून डाग स्वतः पाहिला.

"आता बाकीच्याही आणतो," टोर्लीफ म्हणाला.

"गरज नाही," फर्गस म्हणाला.

"आहे. त्याला गरज आहे. नाहीतर हा उद्या दुसरी लंगडी शोधून काढेल."

आणि खरोखरच त्याने एकेक करून सगळा कळप आत घातला. दिवस मावळेपर्यंत मशीन चालू होतं. प्रत्येक गाईच्या मांडीवर तळहाताएवढा उघडा तुकडा, आणि प्रत्येक तुकड्यावर टोर्लीफचाच डाग. त्या थंडीत गाई अंग चोरून उभ्या होत्या. निघताना दारियाला काहीतरी बोलायचं होतं, पण टोर्लीफ पाठमोरा होता.

परतीच्या वाटेवर ओरेस्ट म्हणाला, "आपल्या गाई विकून मोकळा झालाय. सास्काचेवानात काय नेलं मग त्याने?"

"पुरे आता."

"तूच म्हणालीस ना, ट्रक पाहिला म्हणून? मग तो खोटं का बोलला?"

हिवाळाभर तो प्रश्न दारियाच्या डोक्यात फिरत राहिला. गावात दुकानदार, पाववाली, सगळे टोर्लीफ आत आला की आवाज खाली आणायचे. तो हवं ते उचलायचा, मान हलवायचा, जायचा.

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ फुटला. कुंपण दुरुस्त करायला दारिया एकटीच घोड्यावरून वर गेली. तळ्यावर कावळे घिरट्या घालत होते. जवळ गेली तसा वास आला. उथळ पाण्यात, लव्हाळ्यात, फुगलेली जनावरं एकमेकांना चिकटून पडली होती, मोठी आणि लहान. पाण्याने केस गळून गेले होते आणि डाग स्वच्छ वाचता येत होता. तो ओरेस्टचा होता. कालिनाही त्यात होती. तिच्या कपाळावरचा ठिपका तेवढा तसाच.

दारिया घोड्यावरून उतरली आणि बराच वेळ दगडावर बसली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मग उठून ती कुंपणाच्या कडेने फाटकाकडे चालत गेली. काटेरी तारेला जागोजाग तांबडे केस अडकले होते. फाटकाच्या लाकडाची साल अंग घासून निघाली होती. गाई इथे आल्या होत्या. फाटक उघडं मिळालं नाही, म्हणून वाऱ्याला पाठ देऊन कुंपणाकुंपणाने तळ्यापर्यंत गेल्या होत्या. तिथे पाण्यावरच्या कोवळ्या थरावर नवा बर्फ साचलेला. त्यांना ती जमीनच वाटली असणार, आणि थर पायाखाली फुटला.

ती तशीच टोर्लीफकडे गेली. तो घोड्याचे खूर तासत होता.

"गाई सापडल्या," ती म्हणाली. "तळ्यात."

त्याने हत्यार खाली ठेवलं. आश्चर्य वाटल्याचं त्याने दाखवलं नाही.

"वादळाच्या दिवशी तुम्ही वर गेला होतात. मी खिडकीतून पाहिलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

टोर्लीफने टोपी काढली, पुन्हा घातली. "माझी गुरं वरच राहिली होती. वादळ आलं म्हणून आणायला गेलो. मला घोड्याचे कानसुद्धा दिसत नव्हते, दारिया. पुढच्या गाईच्या मागे मागे आलो. शेवटची बाहेर पडली आणि मी फाटक लावलं. लावायचं असतं म्हणून लावलं. घरी येऊन चहा ठेवला, तेव्हा डोक्यात आलं, तुमची सगळी उतरली होती का? परत जायला निघालो, तर ट्रक पहिल्याच वळणावर अडकला."

"आम्ही विचारायला आलो, तेव्हा तरी सांगायचं."

"त्याच्या तोंडाकडे बघून सांगवेना."

"आणि हिवाळाभर गावाने चोर म्हटलं ते चाललं?"

"चोरी केली नव्हती ना. ते मला लागत नव्हतं. पण फाटक मीच लावलं, हे कोणी म्हटलं असतं तर लागलं असतं." त्याने हत्यार पुन्हा उचललं. "आणि सास्काचेवानात गाई नेल्या त्या म्हणशील तर, इथल्या बाजारात ओरेस्ट भेटला असता."

दारियाला त्याचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदमच. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतंत तर आम्ही तुमच्या गाई थंडीत उघड्या पाडल्या नसत्या," आणि निघाली.

घरी तिने ओरेस्टला सगळं सांगितलं. तो चिडेल, बंदूक नाही तरी निदान ट्रकची किल्ली उचलेल, असं तिला वाटलं होतं. त्याने पावाचा तुकडा ताटलीवर फिरवून फिरवून सूप पुसून घेतलं.

"मीही लावलं असतं फाटक," शेवटी तो म्हणाला. मग ताटली बाजूला सारून, "पण मी सांगितलं असतं."

"सांगितलं असतंस का खरंच?"

तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

जूनमध्ये वासरांना डागायचे दिवस आले. त्या भागात कोणी कोणाला बोलावत नाही. शेजारी आपण होऊन जातात, दिवसभर राबतात, जेवून परत येतात. टोर्लीफकडे डागायच्या दिवशी ओरेस्ट सकाळीच हातमोजे शोधू लागला.

"जायचंय?" दारियाने विचारलं.

"त्याच्याकडे दुसरं कोण येणार आहे या वर्षी?"

खरंच कोणी आलं नव्हतं. टोर्लीफ एकटाच जाळ पेटवून उभा होता, वासरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. ट्रक थांबला तसा तो सरळ झाला. ओरेस्ट उतरला, चालत त्याच्यापाशी गेला. दारिया ट्रकचं दार धरून तशीच उभी राहिली. काय होईल सांगता येत नव्हतं.

टोर्लीफने लस टोचायची पिचकारी पुढे केली. ओरेस्टने ती घेतली, उजेडात धरून पाहिली.

"सुई बोथट आहे."

"मागच्या वर्षीची आहे."

"मग बदल की, म्हाताऱ्या. वासरांनी काय वाकडं केलंय तुझं?"

टोर्लीफ नवी सुई आणायला घराकडे गेला. चांगला वेळ लागला त्याला. ओरेस्टने तोपर्यंत जाळात दोन ओंडके टाकले आणि दारियाला हाक मारली, "काय बघत उभी आहेस? दोर आण."