एकशे बारा खांब

माधवरावांच्या सायकलीच्या कुलपाची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असायची. आंघोळ असो, कुणाचं लग्न असो, किल्ली छातीवर. बायकोनं, म्हणजे माईंनी, चाळीस वर्षांच्या संसारात एकेक करून सगळं ताब्यात घेतलं होतं. टीव्हीचा रिमोट घेतला, चहातली साखर घेतली, कपाटातला वरचा खणही घेतला. पण त्या किल्लीला काही त्यांचा हात लागला नव्हता.

आता मात्र ती जायची वेळ आली होती. डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी लेकीला, अंतराला, बाजूला घेऊन सांगितलं, ‘समोरचं त्यांना व्यवस्थित दिसतं. दोन्ही बाजूंचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं बघतात ते. सायकल बंद करा.’ बाजूला घेऊन सांगितलं खरं, पण माधवरावांचे कान शाबूत होते. घरी आल्या आल्या ते म्हणाले, ‘बाजूचं बघून मला काय करायचंय? रस्ता समोर असतो.’

यावर महिनाभर घरात रणकंदन झालं. त्यात काय काय भांडी आपटली ते इथं सांगत बसत नाही. शेवटी माईंनी सौदा काढला. कोल्हापुरातनं निघायचं, पंचगंगेच्या काठाकाठानं कुरुंदवाड, वाडीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी खिद्रापूर. ही वाट माधवराव तरुणपणापासून दर जानेवारीत रमतगमत करत आलेले. मधली तीन वर्षं तेवढी चुकली होती, माईंच्या गुडघ्याच्या आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांच्या ऑपरेशनांपायी.

‘एकदाही पडला नाहीत, कुठं धडकला नाहीत, तर सायकल तुमची,’ माई म्हणाल्या. ‘नाहीतर ती किल्ली सोडायची आणि माझ्या हातात द्यायची. अंतरा मागनं येईल. ती खोटं बोलत नाही.’

आता अंतरा म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारी छत्तीस वर्षांची बाई. खोटं बोलायची तिला सवय नाही हे खरंच. पण तिची पंचाईत वेगळीच होती. तिला मनातनं बाबांनीच जिंकायला हवं होतं. सायकल नसलेले बाबा तिनं जन्मात बघितले नव्हते, आणि बघायची तिची तयारीही नव्हती.

तर शनिवारी सकाळी सातला दोघं निघाले. माधवरावांचा वेग म्हणजे शेजारून बैलगाडी चालली असेल तर बैलांशी दोन शब्द बोलता यावेत असा. हवेत गारठा होता, नदीवर धुकं होतं, दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस. पुढं माधवराव, मागं दहा हातांवर अंतरा. तिचं लक्ष ना धुक्याकडं ना उसाकडं. मागनं उसाचा ट्रॅक्टर आला की ती वळून वळून बघायची. समोर कुत्रं आडवं बसलेलं दिसलं की ती ब्रेकवर बोटं ठेवायची, स्वतःच्या ब्रेकवर, म्हणजे काही उपयोग नाही. पण माधवराव कुत्र्याला वळसा घालून झोकात पुढं जायचे. समोरचं दिसत होतं की त्यांना.

रुकडी मागं पडली तसे ते रंगात आले.

‘उजवीकडं बघ, गुऱ्हाळ चालू झालंय. धूर कसा सरळ वर चाललाय.’

अंतरानं उजवीकडं बघितलं. गुऱ्हाळ नव्हतं. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस जीप धूत उभा होता. तिला वाटलं, बाबांचं बोलता बोलता काहीतरी चुकलं असेल.

‘हो बाबा,’ ती म्हणाली.

दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. ‘आता डावीकडं चिंच. सावली बघ केवढी, अख्खी वरात बसेल.’

डावीकडं निळ्या पाइपांचा ढीग आणि दुकानाची पाटी. चिंचेचं खोडही शिल्लक नव्हतं. आणि मग अंतराच्या ध्यानात आलं की ‘बघ, बघ’ म्हणताना बाबांनी मान तसूभरही वळवलेली नाही. ते समोर बघत होते, आणि बाजूचं सगळं आठवणीतनं सांगत होते. चार वर्षांपूर्वीच्या रस्त्यावर सायकल चालवत होते ते.

तिथंच थांबवायला हवं होतं. तिला ते कळत होतं. तिच्या वर्गातल्या सातवीच्या पोरानंही सांगितलं असतं. पण माधवराव गुणगुणत होते, पायडल कसं लयीत पडत होतं, आणि तिचं तोंड काही उघडेना.

‘दिसली ना चिंच?’

‘हो बाबा. दिसली.’

‘आता पुढं बंधारा. एकशे बारा खांब. विसरलीस का?’

विसरते कशाला. सहा-सात वर्षांची असताना ती सायकलीच्या नळीवर बसायची, आणि नदीवरचा तो बंधारा आला की बाबा हँडलवरचा डावा हात सोडून बाजूच्या लोखंडी कठड्यावर धरायचे. बोटातली अंगठी खांबाखांबावर टण टण वाजत जायची आणि अंतरा मोजायची. पलीकडं पोचेपर्यंत एकशे बारा झालेच पाहिजेत. एखाद्या वेळी एकशे अकरा भरले तर ती रडून बाबांना परत फिरवायची आणि पहिल्यापासून मोजायला लावायची.

बंधाऱ्याच्या उताराआधी तानाबाईची चहाची टपरी होती. तिथं चहा झाला, माधवरावांनी दोनदा घेतला, आणि तेवढ्यात अंतराचा फोन वाजला. माई.

‘तू बोल निवांत. मी होतो हळूहळू पुढं,’ म्हणून माधवरावांनी सायकल काढली.

‘कसे चाललेत?’ माईंनी विचारलं.

‘मस्त.’

‘खरं सांग.’

अंतरानं पाठ फिरवली. ‘खरंच मस्त, माई. काळजी करू नकोस.’

फोन ठेवून ती वळली तर तानाबाई ग्लास विसळता विसळता तिच्याकडंच बघत होती. ‘वडील व्हय तुमचं? बंधाऱ्यावरनं निघालं न्हवं?’

‘हो. का?’

‘आवो, मग सांगितलंसा का न्हाय त्येनास्नी? कठडा न्हाय आता. पुरानं न्हेला की समदा. नुसती फरशी हाय.’

अंतरानं सायकलवर टांग कशी टाकली ते तिचं तिलाच कळलं नाही. उतारावर शेळ्यांचा कळप होता, त्यातनं ती घंटी वाजवत, हाड हाड करत घुसली. खाली बंधारा दिसला. उजव्या अंगाला अडवलेलं पाणी काठोकाठ तुंबलेलं, आणि डाव्या अंगाला, वीस फूट खाली, नुसते दगड आणि दगडांवर फेसाळत कोसळणारं पाणी. मधे फरशी. समोरनं गाडी आली तर दोघांपैकी एकानं अंग चोरावं, एवढी रुंद. डावीकडच्या काठाला मोडलेल्या लोखंडाचे गंजके ठिपके तेवढे उरले होते. कठड्याचे खांब तिथनं तुटून गेले होते.

माधवराव पन्नासेक पावलं पुढं गेले होते. त्यांनी हँडलवरचा डावा हात सोडला होता. तो हात बाजूला पसरून ते कठडा चाचपत होते. कठडा हाताला लागेना, म्हणून हात आणखी लांब करत होते, आणि हाताच्या मागं मागं सायकल डावीकडं सरकत होती. नजर नाकासमोर, चेहरा बहुतेक हसरा.

हाक मारावी तर पाण्याचा आवाज एवढा की नुसतं कुणीतरी ओरडतंय एवढंच त्यांना कळणार. मग ते मान वळवणार. आणि त्यांनीच तिला शिकवलं होतं, सायकलवर नजर जाईल तिकडं चाक जातं. हाक मारली तर बाबा जातील. नाही मारली तरी जातील. अंतराला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा संताप आला. चिंचेपाशी एक शब्द बोलली असती तर ही वेळ आली नसती.

तिनं हाक मारली नाही. दात आवळून पायडल मारलं. समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल बंधाऱ्यावर चढली, म्हणजे उजवीकडनं जायची वाटही संपली. राहिली डावी बाजू. बाबांची सायकल आणि फरशीची कड यांच्यामध्ये हातभर जागा होती आणि ती पावलागणिक कमी होत होती.

अंतरा त्या जागेत शिरली.

खाली बघायचं नाही, एवढं एकच तिनं ठरवलं होतं. पाण्याचे तुषार डाव्या पायावर येत होते. पुढचं चाक एका गंजक्या ठिपक्यावरनं गेलं, दुसऱ्यावरनं गेलं. तिचा खांदा बाबांच्या पसरलेल्या हाताखाली आला, आणि तो हात, इतका वेळ हवेत काहीतरी शोधणारा, तिच्या खांद्यावर टेकला.

बोटं एकदम आवळली गेली. सायकल डावीकडं सरकायची थांबली.

मोटारसायकलवाला अंग चोरून, कॅन खडखडवत उजवीकडनं निघून गेला. थांबूया म्हणावं, तर एका हाताच्या ब्रेकनं सायकल भेलकांडणार. म्हणून ती गप्प राहिली आणि बाबांच्या वेगानं, म्हणजे बैलाच्या वेगानं, त्या कडेनं चालवत राहिली. हात खांद्यावर. अंगठी तिच्या हाडात रुतत होती. बंधारा एवढा लांब असतो हे तिला आजवर माहीत नव्हतं.

पलीकडच्या चढाला लागल्यावर माधवरावांनी पाय टेकला. अंतरानं सायकल सोडूनच दिली, ती आडवी पडली.

‘कठडा कधी गेला?’ त्यांनी विचारलं.

अंतरानं मागं वळून बंधाऱ्याकडं बघितलं.

‘एकशे बारातला एकही वाजला नाही, अंतरा.’

‘पुरात गेला म्हणे. मला पण आत्ताच कळलं, बाबा. टपरीवर.’

‘आणि चिंच?’

अंतरा खाली बघत राहिली.

‘गुऱ्हाळ?’ माधवरावांनी सायकल स्टँडला लावली. ‘सकाळपासून हो बाबा, हो बाबा चाललंय तुझं. एक खांब कमी भरला तर मला परत फिरवणारी पोरगी तू.’

मग मात्र तिला हुंदका आवरला नाही. ‘तुम्ही जिंकावं असं वाटत होतं मला,’ ती म्हणाली.

माधवरावांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, जानवं बाहेर ओढलं आणि किल्लीची गाठ सोडायला घेतली. कित्येक वर्षांची घट्ट बसलेली गाठ, बोटांना दाद देईना. अंतरानं हात पुढं केला तसा त्यांनी तो बाजूला सारला. ‘थांब. हे मला दिसतंय. हे समोर आहे.’

बऱ्याच वेळानं गाठ सुटली. त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. अंगाची ऊब होती तिला.

‘माईला सांग, पडलो नाही. धडकलो नाही. जिंकलोय मी. आणि किल्ली माझी मी दिली.’

अंतरानं पदराला गाठ मारायची तशी ती रुमालाला घट्ट बांधली आणि रुमाल आतल्या खिशात घातला. आडवी पडलेली सायकल उचलली. माधवरावांनी आपली सायकल हातात धरली आणि चालायला लागले.

‘कुरुंदवाड काही पळून जात नाही,’ ते म्हणाले. ‘चालत जाऊ. दुपार होईल, होऊ दे.’

पाण्याचा आवाज मागं राहिला.

‘डावीकडं काय आहे?’ माधवरावांनी विचारलं.

अंतरानं नीट बघितलं. ‘ऊस आहे. तुरा आलाय. कडेचा थोडा तोडलाय. आणि तोडलेल्या जागेत एक म्हैस उभी आहे, तिच्या पाठीवर बगळा बसलाय.’

माधवराव थांबले. सकाळपासून एकदाही वळवली नव्हती ती मान त्यांनी डावीकडं वळवली, खांद्यापर्यंत पूर्ण वळवली, आणि म्हैस सापडेपर्यंत बघत राहिले.

‘हं,’ ते म्हणाले. ‘आहे खरी.’