सहाणेवरची गोळी

कर्जतच्या औषधाच्या दुकानात साईनाथने हिरूतात्यासाठी दुसऱ्या महिन्याची बाटली मागवून ठेवली होती. ती पिशवीत टाकता टाकता त्याने सहज विचारलं, "तात्या, गोळ्या नीट घेताय ना?"

"म्हंजे काय? एक दिस चुकला नाय."

"मोठ्या असतात हो. चार-चार गिळताना त्रास होत नाही?"

तात्या हसला. "गिळतोय कोन? माझा गळा ल्हानपणापासून असाच. गोळी दिसली का दार लावून घेतो. सहाणेवर उगाळायची, मधात कालवायची, चाटायची. वर अर्धी भाकरी. पोटात आग पडाया नको."

साईनाथचा हात पिशवीतच थांबला.

"ही गोळी उगाळता?"

"मग? आमच्यात बाळाच्या गुटीपासून म्हाताऱ्याच्या मात्रेपत्तूर सगळं सहाणेवरच."

"तात्या, ही अख्खी गिळायची. फोडायची नाही, चावायची नाही. आणि उपाशी पोटी. आधी दोन तास काही खायचं नाही, नंतर एक तास नाही. जेवणाबरोबर घेतली तर अंगात भलतीच जास्त भिनते, पाय सुजतात. पाय बघू तुमचे."

तात्याने खाली पाहिलं. चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ पायावर उमटला होता. महिन्याभरापूर्वी हीच चप्पल सैल होत होती.

"आणि उगाळतं कोण? तुम्हीच?"

"आधी म्हातारी उगाळायची. आता नऊ दिस झाले, लेक उगाळते. माहेरी आलीय." आणि आनंद पोटात मावेना म्हणून त्याने पुढचंही सांगितलं. "सहा वर्सांनी परत दिस ऱ्हायलेत तिला. तिसरा सरत आला."

साईनाथने शेजारच्या गिऱ्हाइकाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तात्या, पोटुशी बाईने या गोळीला उघडा हात लावायचा नसतो. पोटातल्या बाळाला बाधू शकते. मुंबईच्या हॉस्पिटलात तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. तिथल्या खिडकीतल्या बाईने कागदावर बोट ठेवून एकेक ओळ सांगितली होती. पण मागे रांगेत पंधरा माणसं, आणि ती बाई लघवीच्या जागेचं मोठ्याने बोलत होती. हिरूतात्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तीनदा मान डोलावली आणि कागद दुमडून खिशात कोंबला. पुढे शर्ट धुण्यात गेला आणि कागदाचा लगदा झाला. घरी त्याने एवढंच सांगितलं की मुतखडा आहे, गोळ्यांनी विरघळेल. कॅन्सर हा शब्द त्याने उंबऱ्याच्या आत येऊच दिला नव्हता. मुतखड्याच्या गोळीला कोण कशाला भिणार?

आपल्या गावी, कळंबला जाणाऱ्या टमटममध्ये तो बसला. शेजारची बाई काहीतरी विचारत होती, ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. लेक हर्षला पाटावर बसलीय. सहाणेवर चार गोळ्या, चार थेंब पाणी. बोटाने दाबून ती गोल गोल फिरवतेय. पांढरा लगदा झाला की तो त्याच बोटाने निपटून वाटीतल्या मधात मिसळतेय. आणि मग? त्या बोटाचं ती करते काय? लहान असताना मधाची वाटी कुठेही लपवली तरी पोरगी शोधून काढायची. बोट चाटत असेल का ती? नऊ दिवस समोर बसून मध चाटला, पण तिच्या बोटाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

मनात एक चोरही शिरला. नाहीच सांगितलं तर? उद्यापासून मीच उगाळतो म्हणायचं. झालं ते झालं, कोणाला कळणार आहे? पण पोरीचं दोन वेळा राहून पडलेलं. तिसऱ्यांदा काही झालं तर ती स्वतःच्या नशिबाला बोल लावील, आणि हा बाप ओटीवर बसून ते ऐकेल. कळंब आलं तसा तो उतरून झपाझप घराकडे निघाला.

त्या दिवशी सकाळी घाईत त्याची गोळी राहिली होती. जुन्या बाटलीत शेवटच्या चारच उरल्या होत्या. त्याने कुंपणाचं बेडं उघडलं तर हर्षला ओटीवर सहाण घेऊन बसलेली. बाप येईपर्यंत औषध तयार ठेवावं म्हणून.

"ठेव! ठेव ते खाली!"

तिच्या हातून वाटी निसटली. स्वयंपाकघरातून त्याची बायको जया धावत आली. "अवो, इचू चावला काय तुमाला? पोरीवर काय वरडताय? दोन जिवांची हाय ती."

"म्हनूनच वरडतोय! साबण आन आधी."

त्याने लेकीला मोरीवर नेलं. तांब्याने पाणी त्यानेच ओतलं. एकदा झालं, परत लावायला लावलं, परत ओतलं. नखांतून कण काढायला लावले. मग मोरीच्या कडेला टेकला.

"पोरी, खरं सांग. उगाळल्यावर बोट चाटलंस कदी?"

हर्षला हसायला गेली, पण बापाचं तोंड बघून थांबली. "आठवत नाय, तात्या. चाटलं आसंल येखांद्या टायमाला. का वो?"

तेव्हा त्याने सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, जागा सांगितली, साईनाथ काय म्हणाला ते सांगितलं. सांगताना नजर मोरीच्या दगडावरून हलली नाही.

आधी जया बोलली. "चाळीस वर्सं तुमचं हागणंमुतणं दुखणंखुपणं मीच बघितलं ना? आन मला मुतखडा सांगितलात?" ती उठली, सहाण उचलून परसात नेली आणि कुंपणापलीकडच्या खड्ड्यात टाकून आली.

हर्षलाने फक्त विचारलं, "माझ्या बाळाचं काय?"

"मला म्हाईत नाय गं."

दुपारीच ते कर्जतला उमा डॉक्टरीणबाईंकडे गेले. हर्षलाचा नवरा कमलेश लोधिवलीहून मोटारसायकलवर थेट तिथेच आला. आल्यावर त्याने सासऱ्याला रामराम केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, रिकामी बाटली हातमोजा घालून पाहिली, मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. मग हर्षलाला म्हणाल्या, "कातडीतून फार गेलं नसावं, असं आम्हाला वाटतं. पण पोटात गेलं असेल तर किती, ते सांगता येत नाही. खोटा धीर मी देणार नाही. पुरुषाच्या अंगात जो रस तयार होतो, तो ही गोळी बंद करते. त्या रसावरच तुझ्या वडिलांचा आजार वाढतो, म्हणून त्यांना ती गुण देते. पण पोटात मुलगा असला तर त्याचं अंग त्याच रसावर घडतं, आणि हे दिवस नेमके त्या घडणीचे आहेत."

"मग मुलगा हाय का मुलगी तेवढं सांगा ना, मॅडम," कमलेश म्हणाला. "आमाला दुसरं कायबी नको."

"ते सांगायला कायद्याने बंदी आहे. दीड-दोन महिन्यांनी मोठी सोनोग्राफी करू. तेव्हाही सगळं दिसेलच असं नाही."

मग त्या तात्याकडे वळल्या. त्याचं ब्लडप्रेशर पाहिलं आणि रक्त तपासायला चिठ्ठी लिहिली. "आजची राहिली ती राहू द्या. उद्या दोन दिवसांच्या एकदम घ्यायच्या नाहीत. उद्यापासून चार अख्ख्या, उपाशी पोटी. सोबत दिलेली जेवणानंतरची छोटी गोळी आहे तीही चालू ठेवायची. आणि मनाने काही बंद करायचं नाही. ऐकताय ना?"

तो ऐकत होता. बाईंनी ते सगळं कागदावर लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा कागद त्याने लेकीच्या हातात दिला आणि म्हणाला, "तू वाच. मोठ्यानं वाच."

बाहेर येताना त्याचे ओठ हलत होते. गावदेवीला तो बोलला होता, नातू झाला तर बोकड देईन. आता फाटकाशी उभा राहून पुटपुटत होता, "आये, नातू नको. माझं मागणं माघारी घेतो. मुलगी दे. बोकड तुझा तुला हायेच." त्याने दोन्ही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून ओटीवर बसला. बाटली आता त्याच्याशिवाय कोणी उघडायची नाही, असं ठरलं होतं. जयाने पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती मागे सरली. हर्षला अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, तुळशीपलीकडे खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर कालचा कागद.

पहिली गोळी जिभेवर ठेवली तसा गळ्याने दार लावलं. पाणी नाकात गेलं, खोकला आला आणि गोळी उलटून तळहातावर पडली. चिकट, ओली. अंगणापलीकडे हर्षलाने पाय खुर्चीवर उचलून घेतले. इतक्या लांब काही उडणार नव्हतं, ते तिलाही कळत होतं.

"हळू, तात्या. मान वर नका करू. खाली करा."

"तू येऊ नको हिकडं."

"नाय येत."

त्याने मान खाली घातली. डोळे मिटले. गोळी गेली. घशातून छातीपर्यंत तिची वाट त्याला कळली. दुसरीला दोनदा ओकारी आली. तिसरी गेली. चौथी हातात घेऊन तो बराच वेळ बसून राहिला, आणि कोणी घाई केली नाही.

"गेली?" हर्षलाने विचारलं.

"गेली."

"आता तासभर चाय नाय हां."

त्याने मान हलवली, उठला, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, मग परत धुतले. पुसून बाहेर आला तेव्हा लेक तिथेच बसली होती, पाय अजून वर घेतलेले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या हातांकडे बघत होती.